अनुभव धागा: घरात सिस्टर, बॉर्डरवर फौजी

नमस्कार मंडळी. माझी आजी सिव्हिल हॉस्पिटलला स्टाफ नर्स आणि आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार. म्हणजे एकीची ड्युटी तीन शिफ्टमध्ये आणि दुसऱ्याची कुठे हे सांगायची सोयच नाही. फौजीच्या बायकोबद्दल भरपूर लिहून येतं, धीराची, वाट बघणारी वगैरे, आणि नर्सबद्दल १२ मे आला की सेवामूर्ती म्हणून फॉरवर्ड फिरतात. पण ही दोन्ही कामं एकाच बाईने केली आणि रिटायर झाल्यावर नातवंडं पण सांभाळली तर तिचा दिवस नेमका जायचा कसा, हे कुठे वाचायला मिळत नाही. तुमच्या घरात अशी आजी, आई, काकू, सासू असेल तर लिहा. गौरवगाथा नकोत, बारीकसारीक लिहा. नावं आणि युनिट टाकू नका प्लीज.

सुरुवात मीच करते. आजोबांच्या पत्रावर पत्ता कायम ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, जागा लिहायची परवानगी नाही. तर आजी ते काय मागवतायत त्यावरून ओळखायची. लोकरीचे मोजे आणि व्हॅसलीन म्हणजे वरती बर्फात, डासांचं मलम आणि खाजेची पावडर म्हणजे पूर्वेकडे कुठेतरी जंगलात. अंदाज सहसा चुकायचा नाही म्हणे. ७१ च्या डिसेंबरात मात्र मागणी नाही आणि पत्रही नाही. तेव्हा तिने नाइट ड्युटी मागून घेतली, नाहीतरी झोप येत नाही तर वॉर्डात तरी बसते म्हणून, आणि रात्रभर काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळत बसायची. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, आजोबांचं पत्र आलं जानेवारीत, आणि त्यात पहिलं वाक्य काय तर खोकल्याचं औषध पाठव.

---

आमच्याकडे उलट, आई बाबांच्या मागे फिरली. पीस पोस्टिंग मिळालं की फॅमिली क्वार्टर, फील्ड लागलं की परत सासरी. आई जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पण रजिस्ट्रेशन राज्यवार असतं ना, त्यामुळे दुसऱ्या राज्यात गेलं की इथून एनओसी, तिथे अर्ज, मग व्हेरिफिकेशन, आणि तो कागद हातात येईपर्यंत बाबांची पुढची बदली. मग कुठे खासगी नर्सिंग होममध्ये पडेल त्या पगारावर, कुठे युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे छोट्या दवाखान्यात, नुसतीच मदत. प्रत्येक ठिकाणी ती नवीन सिस्टर. अनुभव अख्ख्या आयुष्याचा आणि सीनियॉरिटी शून्य, पेन्शन तर विसराच. तिला वाईट वाटतं का विचारलं तर म्हणते, "वाईट काय वाटायचंय, काळ्या ट्रंकेत कपबश्या न फुटता कशा भरायच्या ते शिकले ना." हे चेष्टेत की टोमणा ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

---

थोडं वेगळं लिहितो, राग नसावा. माझी आजी नर्स होती आणि आजोबा आर्मीत, पण समर्पित वगैरे अजिबात नव्हती. पगार लागत होता म्हणून नोकरी करत होती, मनीऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या हातात जायची. घरी आली की पाय गरम पाण्यात घालून बसायची आणि कुणी बोललं तर खेकसायची. माझी आई आणि मामा शेजारच्यांकडे वाढले, आईच्या मनात ते अजून आहे. मात्र आम्हा नातवंडांशी तीच बाई एकदम मऊ. आई बघायची आणि म्हणायची, ही कोण आणली तुम्ही?

---

वरच्या दादांना +१. माणूस होती म्हणा की.

माझ्या मावशीचं सांगते. तिला मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्येच जायचं होतं, लेफ्टनंट म्हणून लागतात, खांद्यावर स्टार, तिला त्याचं फार. पण लग्न ठरत होतं आणि तेव्हा तिथे लग्न केलं की नोकरी जाऊ शकायची. १९७७ च्या आर्मी इन्स्ट्रक्शनमध्येच होतं तसं, १९९५ ला मागे घेतलं. १९८८ मध्ये याच कारणावरून घरी पाठवलेल्या एका नर्स ऑफिसरची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, फेब्रुवारी २०२४ ला निकाल लागला, कोर्टाने नियम मनमानी म्हटला आणि ६० लाख द्यायला लावले. मावशीने फॉर्मच भरला नव्हता. लग्न झालं ते पण फौजीशीच, म्हणजे युनिफॉर्ममधल्या नवऱ्याला लग्न चालतं आणि युनिफॉर्ममधल्या बायकोला चालत नाही असा प्रकार. निकालाची बातमी मी तिला वाचून दाखवली तर म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली. मग म्हणाली त्या बाईला पेन्शनपण द्यायला हवी होती.

---

सासूबाई. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. त्या तेव्हा लातूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात होत्या आणि सासरे काश्मीरमध्ये. नेहमी काळजी इकडून तिकडे असायची, या वेळी गाडी उलटी. किल्लारीची बातमी सासऱ्यांनी बंकरमध्ये रेडिओवर ऐकली, जिल्ह्याचं नाव ऐकलं, आणि फोन लागायचा प्रश्नच नव्हता. इकडे या तांबडं फुटायच्या आधीपासून कामाला. तिकडची घरं धाब्याची, जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं ओझं, त्यामुळे येणारा प्रत्येक पेशंट मातीने भरलेला. सासूबाई सांगतात, हाड मोडलंय का ते नंतर, आधी बोटाला ओलं फडकं गुंडाळून तोंडातली आणि नाकातली माती काढायची, मग श्वास बघायचा. मुलं तर रडायची पण नाहीत म्हणे, तोंड उघडं ठेवून नुसती बघायची. स्प्लिंट संपल्यावर खोक्यांच्या फळ्या लावल्या. त्यांचं स्वतःचं घर पडलंय का उभं आहे ते त्यांनी दोन दिवस बघितलंच नव्हतं. मदतीला लष्कर आलं तेव्हा त्यांनी एका सुभेदारसाहेबांच्या हातात चिठ्ठी दिली, नवऱ्याचा फौजी नंबर, रँक, नाव आणि खाली 'मी आणि मुलं ठीक'. ती चिठ्ठी कशी गेली देव जाणे, पण निरोप पोचला. सासरे जाईपर्यंत सांगायचे की बॉर्डरवर मला एवढी भीती कधी वाटली नाही. सासूबाई यावर एकच म्हणायच्या, "आता कळलं ना तुम्हाला."

---

मी स्वतः फौजी, सुभेदार म्हणून रिटायर. बायको नर्स. सुट्टी मिळायची वर्षाला ६० दिवस, आणि मी घरी आलो की हिची नाइट सुरू. दिवसा ती झोपलेली आणि मी मुलांना गप्प बसवतोय, अशी आमची निम्मी सुट्टी जायची. मागच्या वर्षी हिचंच ऑपरेशन झालं. एवढी वाईट पेशंट मी बघितली नाही. सलाईन लागलेलं आणि ही दुसऱ्या हातात घड्याळ धरून थेंब मोजतेय, मग बेल मारून त्या पोरीला सांगते, फास्ट चाललंय बाळा, कमी कर. ती बिचारी घाबरली. मी बाहेर जाऊन तिला सांगितलं, मॅडम आमच्या सिस्टर आहेत, मनावर घेऊ नका. तर ती म्हणाली, नाही काका, खरंच फास्ट होतं. आता इन्सुलिन मी देतो हिला, रोज चूक काढते, अँगल बरोबर नाही म्हणते.

---

😂 काका, तुमच्या मॅडमना नमस्कार.

आमची आजी हात हातात घ्यायची तेव्हा प्रेमाने घेतलाय की नाडी बघतेय हे कळायचंच नाही. बहुतेक दोन्ही. कोविडमध्ये मी आणि नवरा दोघं पॉझिटिव्ह, वेगळ्या शहरात अडकलेले, ती रोज व्हिडिओ कॉलवर. किती दाखवतोय मशीन, आता सहा मिनिटं चालून परत लाव, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तर बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि पोटावर झोपा म्हणून रोज दटावणी. फोन ठेवताना एकदापण काळजी घ्या म्हणाली नाही, रिपोर्ट सांगा म्हणायची.

---

सगळ्यांचं वाचतेय, ऑफिसात बसून डोळे पुसतेय. सासूबाईंची चिठ्ठी आणि काकांच्या मॅडम दोन्ही घरी वाचून दाखवणार आहे.

एक कामाचं राहिलं म्हणून लिहिते. ज्यांचे आजोबा अजून आहेत त्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) काढून बघा, आजीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतंय का. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमधली नोंद, कधीतरी क्लार्कने टाकलेली असते, त्यात माहेरचं नाव, घरातलं नाव, काहीही असू शकतं. आमच्या आजीच्या फॅमिली पेन्शनला त्यामुळे किती हेलपाटे पडले, ते पण गुडघे दुखत असताना. आजोबा असताना ते खूप सोपं होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, फॉर्म तिथे समजावून सांगतात. आणि आजीचं ईसीएचएस (माजी सैनिकांची उपचार योजना) कार्ड झालंय का तेही बघून घ्या.

बाकी येऊ द्या अजून.