शब्दचर्चा : ‘भारमितीय गुणक’ – कशातून कशाकडे?

प्रश्न : भारमितीय विश्लेषणाच्या (घटक घन रूपात पाडून, तोलून त्याचं प्रमाण काढण्याच्या) गणितांत सिल्व्हर क्लोराइडसाठी एकीकडे गुणक ०.४०७८ दिलाय, दुसरीकडे २.४५२४. दोन्हींना ‘गुणक’च म्हटलंय. बरोबर कोणता?

— रूढ अर्थ पहिलाच. अवक्षेपाच्या (अभिक्रियेने पडलेल्या घनाच्या, इथे सिल्व्हर क्लोराइडच्या) वजनाला ज्याने गुणलं की हव्या घटकाचं वजन मिळतं तो गुणक : सोडियम क्लोराइडचा रेणुभार ५८.४४ ÷ सिल्व्हर क्लोराइडचा १४३.३२ = ०.४०७८. दुसरा त्याचा व्यस्त, एक ग्रॅम सोडियम क्लोराइडपासून किती अवक्षेप पडेल ते सांगणारा. रेणूंचं प्रमाणही गुणकातच येतं. फेरिक ऑक्साइडमधून (Fe₂O₃) लोह काढताना रेणूतल्या लोहाच्या दोन अणूंचा २ विसरलात तर ०.६९९४ ऐवजी ०.३४९७, थेट निम्मं.

— मिश्रणात क्लोराइड एकाच क्षारात असेल (जोडीला सोडियम नायट्रेट, समजा) तर ०.४०७८ पुरे. दोन्ही क्षार अवक्षेप देत असतील तर व्यस्तच सोयीचा. सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण ०.५००० ग्रॅम, अवक्षेप १.१२०२ ग्रॅम. सोडियम क्लोराइड क्ष ग्रॅम धरा (पोटॅशियम क्लोराइडचा व्यस्त गुणक १.९२२५) :

२.४५२४ क्ष + १.९२२५ (०.५००० − क्ष) = १.१२०२

क्ष = ०.३०००, म्हणजे ६०.०%. सगळ्या अवक्षेपाला ०.४०७८ ने गुणलं तर ०.४५६८ येतं. ते नमुन्याच्या वजनापेक्षा कमी, त्यामुळे शंकाही येत नाही. हीच खरी गोम.

— पुस्ती : गुणक दोन दशांशस्थळांवर आणू नका. २.४५ आणि १.९२ घेतले की क्ष ०.३०२३ होतो. दोन गुणकांत फरकच जेमतेम ०.५३, म्हणून अवक्षेपाच्या वजनातली १ मिलिग्रॅमची चूक उत्तरात सुमारे १.९ मिलिग्रॅम होऊन उतरते. आधी टोकं तपासा : नुसतं पोटॅशियम क्लोराइड असतं तर ०.९६१२ ग्रॅम, नुसतं सोडियम क्लोराइड असतं तर १.२२६२. वजन याबाहेर गेलं तर समीकरण सोडवत बसू नका, अवक्षेपाकडे बघा. जास्त भरलं तर बहुधा ओला राहिलाय. ११० अंशांवर वाळवून, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तोला. कमी भरलं तर धुताना गेला असेल. नुसत्या पाण्याने सिल्व्हर क्लोराइडचं कलिल (पाण्यात पसरलेले अतिसूक्ष्म कण) होतं आणि ते गाळणीतून निसटतं. धुवायला अतिविरल नायट्रिक आम्ल घ्या.

— ‘अवक्षेप’ऐवजी ‘गाळ’ चालेल?

— मिश्रणाच्या गणितात नको. पाण्यात मुळातच न विरघळलेला भाग तो गाळ; अभिक्रियेने नव्याने पडला तो अवक्षेप. गाळ आधी गाळून वेगळा तोलायचा, त्याला गुणक लागत नाही.