उपमा, उत्प्रेक्षा, रूपक: मुलांचा गोंधळ

प्रश्न: यवतमाळकडच्या खेड्यातली मुलं हे तिन्ही अलंकार एकमेकांत मिसळतात. कसं शिकवावं?

उत्तर १: ताई, वावरातल्या पऱ्हाटीचंच (कापसाच्या झाडाचं) उदाहरण घ्या. ‘फुटलेली पऱ्हाटी चांदण्यासारखी पांढरी’ ही उपमा. पऱ्हाटी उपमेय (जिची तुलना करतो ती), चांदणं उपमान (ज्याच्याशी तुलना करतो ते), पांढरेपणा साधारण धर्म (दोन्हींतला सारखा गुण), ‘सारखी’ साम्यवाचक शब्द. चारही फळ्यावर वेगळे लिहून घ्या. ‘पऱ्हाटी जणू चांदणंच’ झालं की पऱ्हाटी चांदणंच असावी अशी कल्पना, म्हणून उत्प्रेक्षा. ‘पऱ्हाटी हेच चांदणं’ म्हटलं की दोन्ही एकरूप, म्हणून रूपक.

उत्तर २: नुसता शब्द पाहून अलंकार ठरवायची सवय मात्र मोडा. ‘पोरगं सारखं रडतं’ यात ‘सारखं’ म्हणजे सतत. उपमानच नाही, मग उपमा कुठली?

उत्तर ३: अन् ‘ही पऱ्हाटी नव्हे, चांदणं आहे’ असा नकार आला तर अपन्हुती. पोरं तिथं रूपक लिहून मोकळी होतात.