मदत हवी आहे: मेच्या उन्हात केळीवर 'गाबा' फवारावं का?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात केळी आहे, ग्रँड नैन जातीची, सगळी ठिबकवर. मृगबागेचे (जून-जुलैत लावलेल्या केळीचे) घड ऐन एप्रिल-मेच्या तडाख्यात सापडतात. पारा 45 च्या आसपास गेला की पानं करपतात, घड सटकतात, खोडं मोडतात. खान्देशातल्यांना वेगळं सांगायला नको.

कृषी सेवा केंद्रात एक बाटली पुढे केली गेली. 'यात गाबा आहे. माणसाचा मेंदू शांत करतं, तसं झाडही उन्हात शांत राहतं.' झाडाला मेंदू नाही, आणि किंमत ऐकून माझा तेवढा तापला.

घरी येऊन वाचत बसलो. गाबा (GABA) हे एक अमिनो आम्ल. ते 1949 साली बटाट्याच्या कंदात सापडलं, मेंदूत सापडलं ते 1950 मध्ये. म्हणजे झाडांकडे ही वस्तू आपल्या हिशेबाने आधीपासूनच. ते ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो आम्लापासून बनतं. ऊन, थंडी, जखम असं काही झालं की पेशीत कॅल्शियम वाढतं, त्याने एक एन्झाइम चालू होतं आणि काही मिनिटांत गाबा वाढतं. इथपर्यंत समजलं.

अडलं ते पुढे. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की गाबा पर्णरंध्रांना (पानावरच्या बारीक छिद्रांना) पूर्ण उघडू देत नाही, त्यामुळे झाडाचं पाणी वाचतं. पण मला पाण्याची अडचण नाही, अडचण उन्हाची आहे! पान थंड राहतं तेच मुळी रंध्रांतून पाणी उडतं म्हणून. मग रंध्रं आखडली तर पान आणखी तापणार नाही का? की माझं गणित कुठे चुकतंय?

आणि जाता जाता एक. केळीच्या सालीत डोपामिन (आपल्या मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) भरपूर असतं म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत थंडीचा चरका बसून साल काळपट पडते, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर – वनस्पतीशास्त्रवाली, धुळे

दादा, गणित बरोबर आहे. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न नेमका हाच. तो संशोधनाचा निष्कर्ष दुष्काळाच्या बाजूचा आहे: पाणी कमी असताना झाड तग धरतं. भरपूर पाणी मिळणाऱ्या, गरम वाऱ्याने भाजणाऱ्या केळीला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

गाबाचं काम तेवढंच नाही, हेही खरं. 2015 मध्ये दिसलं की मुळांच्या पेशींतून मॅलेट (एक सेंद्रिय आम्ल) बाहेर सोडणाऱ्या वाहिन्यांवर त्याचा लगाम असतो. शिवाय ते पेशीच्या ऊर्जाचक्रात जाऊन जळतं, म्हणजे निरोपही आणि इंधनही. म्हणून बाहेरून दिलेल्या गाबाने रोप सुधारलं, तर ते निरोपामुळे की नुसत्या नत्र-कर्बाच्या खुराकामुळे, हे वेगळं काढणं अवघड जातं. त्यात केळीच्या पानावर मेणाचा थर. फवारलेल्यातलं आत किती पोचलं, हे बाटली सांगत नाही.

डोपामिनचं म्हणाल तर हो, संबंध आहे. थंडीने सालीतल्या पेशींचे पडदे फाटतात, आतलं डोपामिन आणि पॉलीफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम एकत्र येतात आणि काळा रंग तयार होतो. कापलेलं केळं काळं पडतं तेही असंच. काढणीनंतर केळी गाबाच्या द्रावणात बुडवून थंडीत साठवली तर चरका कमी बसतो, असे प्रयोग झालेले आहेत. पण ती शीतगृहातली गोष्ट, शेतातली नव्हे. (केळं खाऊन मन प्रसन्न होतं म्हणणाऱ्यांसाठी: पोटातलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही.)

उत्तर – यावलचा शेतकरी

भाऊ, त्या पैशात पश्चिमेच्या बांधाला वारा अडवायला दाट शेवरी लाव आणि घडांना स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) घाल. बाटली घ्यायचीच असेल तर तिच्यावर जैवउत्तेजक (बायोस्टिम्युलंट, पिकाची वाढ किंवा ताण सोसणं सुधारणारा पदार्थ) म्हणून नोंदणी आहे का आणि कोणत्या पिकासाठी, ते वाच. 2021 पासून हा माल खत नियंत्रण आदेशाखाली आलाय. 'सर्व पिकांसाठी' असं लिहिलेलं दिसलं की मी परत ठेवून देतो.

धागाकर्ता

दोघांचे आभार. शेवरी आहे, पण विरळ झालीय. या पावसाळ्यात भरतो. बाटली एकच घेतो. एकाच प्लॉटमधल्या दोन ओळींवर फवारतो, शेजारच्या दोन ओळींवर तेवढंच पाणी, स्टिकरसकट (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य). ताई, दुपारी पानाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं तर चालेल का?

वनस्पतीशास्त्रवाली, धुळे

चालेल की. एकाच वेळेला, प्रत्येक झाडाचं वरून तिसरं पान, उन्हातली बाजू. ओळी मात्र बांधालगतच्या घेऊ नका. तिथे वारा वेगळा लागतो. आणि फवारणीच्या आधीचे आकडेही घ्या, नाहीतर फरक आधीपासूनच होता की काय, तेच कळणार नाही.