भावाला क्षमा करायची म्हणजे हक्कसोडपत्रावर सहीही करायची का?

नगरची लेक:
वडील गेल्यावर घराच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही, म्हणून भावानं बोलणं टाकलं. मृत्युपत्र नव्हतं. आई त्याच्याकडे असते, तिला भेटू देत नाही. आता निरोप आलाय: नाताळला ये, सही कर, झालं गेलं विसरू. पाळकसाहेब म्हणतात, साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची. प्रार्थनेनं राग बराच निवळलाय, पण सहीला हात धजत नाही. मग माझी क्षमा खोटी का?

निवृत्त बाई:
खोटी कशानं? बायबलातल्या मत्तय १८ मधलं हे २२वं वचन सगळे ऐकवतात, त्याच अध्यायातलं १५वं आणि १६वं वाचा. भावानं अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून सांगायचं, नाहीच ऐकलं तर एकदोघांना सोबत न्यायचं. अपराधाला अपराध म्हणणं हे क्षमेच्या आधी आलंय.

संडेस्कूलच्या मुलांना योसेफाचा झगा आवडतो, मला उत्पत्तीच्या पुस्तकातला ४४वा अध्याय. ज्या भावांनी त्याला विकलं होतं, तेच दुष्काळात दारी आले तेव्हा योसेफानं धान्य दिलं, पैसेही गोण्यांत परत घातले, पण ओळख दिली नाही. ‘याला विकू’ म्हणणारा भाऊ यहूदाच धाकट्या बन्यामिनाच्या बदली गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच तो हंबरडा फोडून म्हणाला, मी योसेफ. भाकरी आधी दिली, विश्वास नंतर. आईला जरूर भेटा, पण त्या दिवशी कागद काढू देऊ नका.

वसईकर:
आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मिळकतीत आईचा एक तृतीयांश, उरलेलं मुलगा-मुलगी समान. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर तिघांना सारखाच वाटा. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की परत फिरवणं फार अवघड. वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

थोरली:
माझं मत वेगळं. मी सही दिली. घर भावाचं झालं, पण आईच्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी होते. मला पस्तावा नाही.

निवृत्त बाई:
थोरलीताई, तुम्ही राजीखुशीनं दिलंत, ते दान. इथं आईची भेट अडवून सही मागतायत. दोन्हींना एकच नाव देऊ नये.

नगरची लेक:
बाई, नाताळची वाट बघत नाही. भाऊ सकाळी मळ्यात एकटा असतो, तिथंच गाठते. नाही ऐकलं तर थोरल्या मामांना घेऊन जाईन.