‘पाळी गेली’ अन् ‘पिशवी काढली’, दोन्ही एकच का?

आर्वीवाली: रजोनिवृत्ती हा शब्द आमच्या इकडं कोणीच बोलत नाही. बायका म्हणतात पाळी गेली, नाहीतर सुटली बाप्पा त्यातून. आणि ऑपरेशन झालं असलं तर पिशवी काढली. मी गावात फॉर्म भरून घेते त्यात ‘मेनोपॉजचं वय’ असा एक रकाना आहे, तिथं ह्या दोन्हीची सरमिसळ होते. तुमच्याकडं काय शब्द वापरता?

वणीकर: ऋतुनिवृत्ती पण वाचलाय. पण निवृत्ती म्हटलं की मास्तर रिटायर झाल्यासारखं वाटते, एक तारीख, हारतुरे अन् संपलं. तसं नसते ना ते. सलग 12 महिने पाळी आली नाही की मग मागं पाहून म्हणायचं, गेली. त्याच्या आधी काही वर्षं महिना मागंपुढं होत राहते, कधी दोन महिने नाही तर कधी धो धो. आपल्याकडं हे सारं साधारण 46-47 च्या आसपास होते, पाश्चात्य देशात 51 सांगतात.

दर्यापूरची सिस्टर: ताई तुमचा रकाना खरंच घोळाचा आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय, पाळी तिथून येते, पण हार्मोन बनते अंडाशयात. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद, पण अंडाशय काम करतच राहते, वाफा (अंगातून एकदम उष्णता उसळणं) वगैरे लगेच येतीलच असं नाही. दोन्ही अंडाशय काढले असतील तर मात्र एकदम सारं सुरू होते, आणि वय 45 च्या आत असेल तर बहुतेक वेळा डॉक्टर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यायलाच सांगतात. हार्मोनच्या गोळीचा हिशोबही इथंच बदलतो. पिशवी असेल तर इस्ट्रोजेन या हार्मोनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतेच, नाहीतर पिशवीचं आतलं अस्तर वाढून पिशवीच्या कॅन्सरचा धोका, आणि पिशवी नसेल तर बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन चालते. पण ‘पिशवी काढली’ एवढं सांगून कसं कळणार काय काय काढलं? डिस्चार्ज कार्ड पाहा म्हणावं, आमच्याकडं ते बहुतेक धान्याच्या कोठीमागं सापडते.

वणीकर: वाफा शब्द बरोबर. हॉट फ्लॅशले गरमी म्हणू नका पण, जुन्या बोलीत गरमी म्हणजे तो गुप्तरोग, म्हातारी बाई ऐकून उठूनच जाईल.

आर्वीवाली: 😄 म्हणूनच ‘आंगाची आग होते’ म्हणतात. मे महिन्यात तर ते पण उन्हावर जाते.

दर्यापूरची सिस्टर: अजून एक, ‘पाळी परत आली’. वर्षदोन वर्षांनी लाल दिसलं की बायका खुश होऊन हेच सांगतात. ती पाळी नव्हे. एक डाग दिसला तरी तपासणी, कारण कॅन्सर नाही ना हे आधी पाहावं लागते.

पुसदची सून: सासूबाईले डॉक्टर म्हणे व्यायाम करा. त्या म्हणे दिवसभर निंदण करतो, कापूस वेचतो, अजून कोणता व्यायाम बा? मलेही पटलं त्यांचं.

दर्यापूरची सिस्टर: पटण्यासारखंच आहे, व्यायाम शब्दच शहरी आहे. पण वाकून वेचणीनं पाठ मोडते, ताकद तेवढी वाढत नाही. पाण्याचा गुंड उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, याने स्नायू आणि हाडाला जोर मिळतो. आणि घट्ट वरण बाईच्या ताटात आधी, सारे जेवल्यावर उरलेलं पाणी नव्हे. तीळ, ताक, रोज थोडं ऊन, तंबाखू बंद. झोप उडवणाऱ्या वाफा याने जातील असं मात्र मी म्हणणार नाही, त्याला हार्मोन सगळ्यात चांगलं काम करते.

पुसदची सून: हार्मोननं कॅन्सर होते म्हणतात ना?

दर्यापूरची सिस्टर: ती भीती 2002 च्या अमेरिकन अभ्यासानंतर पसरली, त्यातल्या बायांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास खूप असेल अन् बाकी तब्येत ठीक असेल तर बहुतेकींना फायदा जास्त. धोका शून्य नाही, दोन्ही हार्मोन बरीच वर्षं घेतले तर स्तनाच्या कॅन्सरचा थोडा वाढतो. आधी स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, लकवा, लिव्हरचा आजार झाला असेल तर नाही देत. हार्मोनची कातडीला लावायची पट्टी किंवा जेल असेल तर गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. मेडिकलवाल्याला विचारून सुरू करायची गोष्ट नव्हे ही.

आर्वीवाली: बरं, मी रकान्यात आता तीन प्रश्न करते, शेवटची पाळी कधी, पिशवी आहे का, अंडाशय आहेत का. फक्त अंडाशयाले गावात काय म्हणू? बीजाच्या गाठी?

वणीकर: गाठी नको! अर्धं गाव घाबरून नागपूर गाठेल.