कोळंबीवरच्या ऑस्ट्रेलियाच्या अटींना नावं ठेवण्याआधी

खाजणकर (धागाकर्ता):
आयात होणाऱ्या कच्च्या कोळंबीवरच्या ऑस्ट्रेलियाच्या अटींना आपल्याकडे सरसकट 'अडवणूक' म्हणतात. मला पटत नाही. २०१६च्या अखेरीस क्वीन्सलँडमध्ये लोगन नदीकाठच्या कोळंबी प्रकल्पांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला. एकेक करत नदीकाठचे सगळे प्रकल्प गेले, तळ्यांत क्लोरीन ओतून उभं पीक मारावं लागलं. जानेवारी २०१७मध्ये त्यांनी कच्च्या कोळंबीची आयात थांबवली. पुढे सुरू केली, पण तपासण्या वाढवून.

या रोगाचा विषाणू माणसाला काही करत नाही. शिजवल्यावर मरतो, गोठवल्यावर मात्र टिकतो. आणि आपल्याकडे काय होतं? चेक ट्रेमध्ये (कोळंबी किती खाते हे बघायला तळ्यात सोडलेल्या ताटात) खाद्य उरायला लागलं, कोळंबी बांधाच्या कडेला येऊन रेंगाळायला लागली, म्हणजे रोगाची लक्षणं दिसली, की घाईघाईने जाळं टाकून माल काढतात. तो माल गोठवून कुठे जातो, सांगा.

निर्यातीतला:
ताटात जातो, तळ्यात नाही! लोगनला रोग नेमका कुठून आला हे आजवर ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस करार (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पती आरोग्याच्या निर्बंधांबद्दलचा) १९९५पासून लागू आहे. निर्बंधाला शास्त्रीय आधार हवा आणि तो गरजेपुरताच हवा, असं तो सांगतो. पॅरिसच्या जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या संहितेत डोकं आणि साल काढलेली, खाण्यासाठी पॅक केलेली गोठवलेली कोळंबी या रोगापुरती सुरक्षित धरली आहे. ऑस्ट्रेलिया तिचीही पीसीआर (विषाणू शोधणारी चाचणी) करायला लावतो. मग ही अडवणूक नाही तर काय?

खाजणकर:
तिकडे दुकानातली कच्ची कोळंबी गळाला आमिष म्हणून लावतात, आणि दुकानांतल्या आयात मालात हा विषाणू सापडलाही होता. आमिष पाण्यातच जातं ना? शिवाय आपण तरी काय वेगळं करतो? २००९मध्ये वनामीला (परदेशी जातीच्या कोळंबीला) परवानगी दिली तेव्हापासून परदेशातून येणारे जनक, म्हणजे बीज देणारे नर-मादी, चेन्नईत नीलांकरईला विलगीकरणात ठेवून तपासतो, मगच हॅचरीला (बीज तयार करणाऱ्या केंद्राला) देतो. ते आपल्याला योग्य वाटतं.

तळेवाला:
जनक तपासले, बीजही पीसीआर करूनच घेतलं. तरी रोग येतो, कारण खाडीतले खेकडे तो वाहतात आणि वरच्या तळ्यावाल्याने सोडलेलं पाणीच मी भरतीला आत घेतो. लक्षणं दिसल्यावर चार दिवस थांबलो तर तळं रिकामं. खाद्याची उधारी, डिझेल, बियाण्याचे पैसे कोण फेडणार? लोगनवाल्यांना त्यांच्या सरकारने मदत दिली. मला कुणी पैसा दिलेला नाही. मग माल काढू नको, हे कुठल्या तोंडाने सांगता?

खाजणकर:
माल काढा, दादा, माझी हरकत त्याला नाही. पण काढल्यावर पाणी तसंच खाडीत सोडू नका. ब्लीचिंग टाका, काही दिवस कोंडून ठेवा. वनामीच्या परवान्यातच सांडपाणी प्रक्रियेची अट आहे, आणि ती कागदावर राहते हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तळेवाला:
ठाऊक आहे. वरच्याने ती पाळली असती तर माझं मागचं पीक वाचलं असतं. पण भरपाई ठेवा, मग बघा लोक रोग लपवतात का. आज कळवणाराच बुडतो. व्यापारी भाव पाडतात.

निर्यातीतला:
भरपाईला माझा पाठिंबा आहे. सोललेल्या मालाच्या तपासणीबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.