कमरेखाली बाजूनं खड्डा पडते, व्यायामानं भरते का?

पुसदवाली: ताई लोक हो, हसू नका. मी २२ वर्षांची, पुसदजवळच्या खेड्यातली. लेगिंग घातली की कमरेच्या हाडाखाली दोन्ही बाजूनं खड्डा दिसते अन् खाली मांडीकडं पुन्हा फुगीर. रीलमधी त्याले हिप डिप्स म्हणतात, ३० दिवसात घालवा म्हणतात, २ महिने झाले रोज रात्री दार लावून पाय वरखाली करून रायली, काई फरक नाई. त्यात पाव्हणे येनार, मामी म्हणे पोरगी कमरेत भरली नाई, बाळंतपण जड जाईन. मले काई रोग हाये का?

सिस्टर_वर्धा: रोगबिग काही नाही गं. कमरेवर हात ठेव, टणक काठ लागतो ना, ते कमरेचं हाड. तळवा खाली सरकव, मांडीच्या बाजूला गाठीसारखं लागेल, ते मांडीच्या हाडाचं टोक. या दोघांच्या मधे बाहेर आलेलं हाड नाहीच, नुसता स्नायू अन् चरबी, म्हणून तिथं आत जातं, कोणाचं जास्त कोणाचं कमी. व्यायामानं स्नायू थोडा भरेल, हाडाची ठेवण कशी बदलेल? आणि मामींना सांग, बाळ येतं आतल्या वाटेनं, बाहेरचा घेर बघून काही कळत नाही. १९३३ मधे कॅल्डवेल अन् मोलॉय या डॉक्टरांनी पेल्विसचे, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचे, ४ प्रकार पाडले होते, तेही एक्सरे बघून, ओसरीत बसून नाही.
फक्त खुबा दुखत असेल, लंगडत असशील तर दाखव. आपल्याकडं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात खुब्याचं हाड खराब होऊ शकतं. खड्ड्याचा त्याच्याशी संबंध नाही.

टेलरकाकू: अवं पोरी, माप घेताना सीटवर टेप फिरवली की समजते, सख्ख्या बहिणींचं पण सारखं नसते. लुगड्यात हे कोनाले दिसत होतं का? तुह्या कुर्तीचा कट नेमका खड्ड्यावर सुरू होत असन, म्हणून उठून दिसते. कट ४ बोटं खाली घे. पटत नसन तर तसंच राहू दे, कोन पाहून रायलं.

कापूसवाली: माह्याही दोन्ही बाजूनं हाये 😄 वेचणीले ओटी बांधली की गाठ बरोबर तिथंच बसते, घसरत नाई. दोन लेकरं झाली, खड्डा तिथंच.

पुसदवाली: दुखत बिखत नाई सिस्टर, सिकलसेलची टेस्ट कॉलेजात झाली होती, निगेटिव्ह. पाय वरखाली करणं आजपासून बंद, झोप तरी होईन. पण मामीले काय सांगू?

टेलरकाकू: मामीले माह्याकडं मापाले पाठव.